पातळ लॅपटॉपवाली भागूबाई

बाजारात माझ्या ताईला भागूबाई म्हणतात. 'भित्री भागूबाई'मधली भागूबाई. तिच्या तोंडावर कुणी म्हणत नाही, पण आमच्या शेजारी नवे लॅपटॉप विकणारा जो दुकानदार आहे, तो गिऱ्हाइकाला सरळ "दुरुस्तीला ना? मग भागूबाईकडे जा" असं सांगतो. गिऱ्हाईक बिचारं आमच्या काउंटरवर येऊन अगदी अदबीने विचारतं, "भागूबाई आपणच का?" पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी तणतणत त्याच्याशी भांडायला निघाले होते. ताईने मला दंडाला धरून मागे ओढलं. म्हणाली, "म्हणू दे गं. गिऱ्हाईक पाठवतोय ना?"

नाव खोटं असतं तर मी तेव्हाही ऐकलं नसतं. पण ते शंभर टक्के खरं होतं. ताई लहानपणापासून घाबरट. घराला कुलूप लावून निघालो की कोपऱ्यावरून परत जायचं आणि ते ओढून बघायचं. गॅस बंद केला का, इस्त्रीची पिन काढली का, हे सगळं मला विचारायचं आणि माझ्या उत्तरावर विश्वास न ठेवता स्वतः जाऊन बघायचं. लिफ्टमध्ये ती बसत नाही. माझ्या स्कूटरवर तर तिने कधी पाय टाकला नव्हता. दुकानापासून घर दहा मिनिटांवर, मी स्कूटरवर भुर्रकन पोचणार आणि ही आपली कडेकडेने चालत येणार. मी तिची यथेच्छ थट्टा करायची. तीही हसायची, पण घाबरायची काही थांबली नाही.

अशी बाई कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात कशी टिकली, याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. ती टिकली ती या भीतीच्या जिवावरच.

तिने सुरुवात केली ती मोठ्या डब्यांच्या काळात. टेबलाखाली ठेवायचे ते पत्र्याचे कॉम्प्युटर. झाकण काढलं की आत हात घालून मोकळेपणी फिरवता यायचा. ताई तेव्हा कामाला बसली की चक्क गाणं गुणगुणायची. मग जाडजूड लॅपटॉप आले, तेही तिने आपलेसे केले. त्यानंतर मधेच ते वहीएवढे चिमुकले लॅपटॉप आले होते, आठवत असतील तुम्हाला. स्वस्त, हलके, मुलांच्या दप्तरात मावणारे. आईबापांनी धडाधड घेतले. चालायला इतके मठ्ठ की चालू करावं, चहा करून यावा, तरी ते आपले विचारच करत बसलेले. दोन-चार वर्षांत बाजाराने त्यांच्याकडे पाठ फिरवली. ताईचा मात्र त्यांच्यावर जीव होता. "सगळं स्क्रूवर आहे गं यांच्यात," ती म्हणायची. "काढलं आणि लावलं. चिकटवलेलं काही नाही."

त्यांच्यानंतर आले ते पातळ. शेजारचा दुकानदार असा एक लॅपटॉप बोटावर तोलून धरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. लोक खुळावले. जो येईल त्याला पातळ हवा, हलका हवा, वर बॅटरी दिवसभर टिकायला हवी. आता वजन कमी करायचं आणि बॅटरी वाढवायची म्हणजे कंपन्यांनी काय केलं? पंखा काढला, सीडीचा खण काढला, बाजूची पेनड्राइव्ह लावायची भोकं काढून टाकली, आणि जिथे म्हणून जागा उरली तिथे बॅटरी पसरली. अगदी कोपऱ्यापर्यंत. तीही पूर्वीसारखी कडक डबीतली नाही. मऊ, चंदेरी पाकीट. शाम्पूच्या पुडीसारखं.

त्या पाकिटांना ताई घाबरायची. इतर गोष्टींना घाबरते तसं नाही. तिथे ती गप्प व्हायची. गाणं बंद झालं. "मोठ्या मशीनला माणसाची चूक पचते," ती मला एकदा म्हणाली. "यांना नाही पचत. पाकिटाला जरा टोचलं ना, तर आतल्या आत पेटतं. आणि एकदा पेटलं की पाण्यालाही जुमानत नाही."

"मग नको घेऊस ही कामं," मी म्हटलं.

"मग काय, चिमुकल्यांची वाट बघत बसू? आता घरोघरी हेच आहेत."

म्हणून तिने स्वतःची एक पद्धत बसवली होती. पातळ लॅपटॉपच्या पाठीला लहान लहान स्क्रू असतात. दिसायला सारखे, पण कुठला तांदळाच्या दाण्याएवढा, कुठला त्याच्या निम्मा. ताई प्रत्येक मशीनसाठी पुठ्ठ्याचा तुकडा घ्यायची, त्यावर मशीनची पाठ पेन्सिलीने काढायची, आणि जो स्क्रू जिथून काढला तिथेच त्या चित्रात टोचून ठेवायची. मशीन बंद करताना पुठ्ठ्यावरून एकेक उचलून त्याच भोकात. आणि एक नियम, की एका वेळी टेबलावर एकच मशीन उघडायचं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकांचा धोशा लागायचा, मी मागे ओरडायची, "ताई, लोक थांबलेत!" तिच्यावर ढिम्म परिणाम व्हायचा नाही.

तो नियम तिने एकदाच मोडला.

त्या दिवशी सकाळपासून टेबलावर एका हिशेबनिसाचा लॅपटॉप उघडा पडला होता. कीबोर्ड बदलायचा होता. दुपारी एक बाई आली. कडेवर वर्षाचं बाळ, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत तसाच लॅपटॉप. त्याच कंपनीचा, फक्त एक वर्ष नवा, आणखी जरा पातळ. बॅटरी संपली होती, नवी घालायची होती. ती घरून भाषांतराची कामं करायची आणि संध्याकाळपर्यंत काम पाठवायचं होतं. बाळाने आल्या आल्या भोकाड पसरलं. मी किल्ल्या वाजवल्या, पावतीपुस्तक हलवलं, तोंडं वेडावली, पण त्याचा सूर काही उतरेना. बाई स्वतःच रडवेली झाली होती. "किती वेळ लागेल हो? झोपेची वेळ झालीय त्याची."

मी आत बघितलं. ताई हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून बाळाकडे बघत होती.

"आण इकडे," ती म्हणाली. "हिचं आधी करून देते."

हिशेबनिसाचं मशीन तिने उघडंच बाजूला सरकवलं, त्याचा पुठ्ठा मागच्या फळीवर ठेवला, आणि नव्यासाठी दुसरा पुठ्ठा घेतला. मधे नवी बॅटरी आणायला मला समोरच्या घाऊक दुकानात पाठवलं, तेव्हा टेबल आवरताना हा दुसरा पुठ्ठाही त्याच फळीवर गेला. दोन्ही मशीनं एकाच कंपनीची. भोकं त्याच जागी. चित्रंही डिट्टो.

मी बॅटरी आणली. तिने ती बसवली, मशीन बंद केलं, चालू करून दाखवलं. तोवर बाळ आईच्या खांद्यावर हुंदके देत पेंगायला लागलं होतं. मी त्या बाईशी नेहमीप्रमाणे गप्पा मारून घेतल्या होत्या. कुठे राहता, नवरा काय करतो, बाळ झोपतं का रात्रीचं. ताईला माझ्या या चांभारचौकशांचा राग येतो.

"घरी गेल्यावर लगेच चार्जिंगला लावा," ताईने निघताना तिला सांगितलं. "नवी बॅटरी आहे. एकदा पूर्ण भरू द्या, मग वापरा."

"हो. किती उपकार झाले हो," असं म्हणून बाई गेली.

त्यानंतर आम्ही डबे खाल्ले. मी काउंटरवर जरा डोळे मिटले. ताई परत टेबलाशी बसली, हिशेबनिसाचं मशीन बंद करायला. आणि आतून तिचा आवाज आला.

"हा पकडत का नाहीये?"

मी लक्ष दिलं नाही.

"हा आखूड आहे," ती म्हणाली. मग तिची खुर्ची मागे पडल्याचा आवाज.

मी आत गेले तेव्हा ती उभी होती. चिमट्यात एक स्क्रू धरला होता आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, शॉक बसला.

"पुठ्ठे बदलले," ती म्हणाली. "तिचे स्क्रू इथे आहेत. याचे तिच्यात गेलेत."

"मग बोलव तिला परत. त्यात काय एवढं?"

"अगं, याचा कोपऱ्यातला स्क्रू लांब आहे! याच्यात त्याच्याखाली काही नाही, म्हणून चालतो. तिच्यात बरोबर त्याच्याखाली बॅटरी आहे. तो आरपार जाऊन पाकिटावर टेकलाय. टेकलाय की घुसलाय, देव जाणे. आणि मी तिला चार्जिंगला लाव म्हणून सांगितलं. भरताना ते फुगणार. मी सांगितलं गं, मी स्वतः सांगितलं!"

मला ते सगळं कळायला एखादा क्षण लागला असेल. मग मी पावतीपुस्तक ओढलं आणि तिचा नंबर शोधला.

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावताना माझ्या लक्षात आलं, की बाळ झोपलेलं असणार आणि तिने फोनचा आवाज बंद केलेला असणार. कुठलीही शहाणी आई हेच करेल. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नुसती मान हलवली.

"पत्ता?" तिने विचारलं.

पावतीवर पत्ता नव्हता. आम्ही फक्त फोन नंबर घेतो. पण माझ्या चांभारचौकशा कामी आल्या. पाण्याच्या टाकीमागचा रस्ता, खाली लाँड्री आहे, तिसरा मजला. एवढं तिने सांगितलं होतं. ताईने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि कुलूप न लावताच निघाली. ती माझी ताई, कुलूप न लावता! आणि स्कूटरवर माझ्या मागे बसून तिने माझे दोन्ही खांदे धरले.

"जोरात चालव," ती म्हणाली.

मी तशी स्कूटर आयुष्यात चालवली नाही. सिग्नल पाळले की नाही, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मागून ताई काहीतरी पुटपुटत होती. आधी मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. वळणावर वारा कमी झाला तेव्हा ऐकू आलं. ती म्हणत होती, "त्याला दुसऱ्या खोलीत झोपवलेलं असू दे. त्याला दुसऱ्या खोलीत झोपवलेलं असू दे." ते ऐकून मी आणखी वेग वाढवला.

पाण्याच्या टाकीमागे एक नाही, दोन लाँड्र्या निघाल्या. पहिल्या ठिकाणी तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं आणि शांतपणे चष्मा शोधायला लागले. त्यांना तसंच सोडून आम्ही खाली पळालो. दुसरी लाँड्री रस्त्याच्या टोकाला होती. समोर एक इमारत बांधली जात होती. मी जिना चढताना सारखा वास घेत होते. जळका वास येतोय का, धूर दिसतोय का. इस्त्रीच्या कपड्यांचा गरम वास सगळ्या जिन्यात भरला होता आणि दर पायरीला मला वाटत होतं, तोच हा.

ताईने बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

बाईने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. चेहरा रागाने लाल झाला होता. "अहो, काय हे! आत्ता कुठे झोपलाय तो!"

"लॅपटॉप कुठे आहे?" ताईने विचारलं.

"आत. चार्जिंगला. तुम्हीच सांगितलंत ना?"

ताई तिला बाजूला सारून आत घुसली. परक्या घरात, चपला घालून. मी मागोमाग. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते. पलंगावर बाळ पालथं झोपलं होतं, एक गाल दाबून, मूठ तोंडाशी. त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर, दुपटं घडी करून त्यावर लॅपटॉप ठेवला होता. पिन लावलेली. लहानसा दिवा लुकलुकत होता.

ताईने आधी पिन उपसली. मग झोपलेल्या बाळाला उचलून त्याच्या आईच्या हातात कोंबलं. मग लॅपटॉपवर तळहात ठेवला. मला तिचा चेहरा दिसत होता. मशीन मिटलेलं होतं, तरी त्याचा एक कोपरा नीट बसला नव्हता. खालून काहीतरी वर येत असल्यासारखा फुगला होता.

"गरम आहे," ती हळूच म्हणाली. "बाहेर व्हा. दोघी बाहेर व्हा."

"अहो, पण झालंय काय?" बाई म्हणाली. "उघडून बघा ना मग इथेच."

"इथे नाही उघडणार. खाली नेते."

"खाली? कुठे नेताय? माझं सगळं काम आहे त्यात! आज द्यायचंय!"

ताई थांबली. बाईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "माझी चूक झालीय. तुमच्या मशीनमध्ये मी चुकीचा स्क्रू लावलाय. तो बॅटरीत गेलाय. हे पेटू शकतं. तुमचं बाळ याच्याशेजारी झोपलं होतं." एवढं बोलून ती निघालीच.

बाईला ते पटलं नाही. मी तिच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं. दोन बायका घरात घुसतात, झोपलेलं मूल उचलतात, आणि महागाचा लॅपटॉप घेऊन पळायला लागतात. "हे काय नाटक आहे?" ती जिन्यावरून ओरडली. "मी पोलिसांना बोलवीन हं!" कुशीतलं बाळ चुळबुळायला लागलं म्हणून ती तिथेच थांबली.

ताई जिना उतरत होती, लॅपटॉप दोन्ही हातांवर समोर धरून, छातीपासून लांब. माझ्याकडे न बघता तिने सांगितलं, "तू माझ्याजवळ येऊ नकोस. लांबून चाल."

आणि मी लांबून चालले. बहीण पुढे ते घेऊन चाललेली, आणि मी अर्धा जिना अंतर ठेवून. मला जवळ जायचं होतं, पाय जात नव्हते. माझी पाचावर धारण बसली होती. भागूबाई, भागूबाई म्हणून जिला आयुष्यभर हसले, ती पुढे होती.

समोरच्या बांधकामाला वाळूचा ढीग पडला होता. ताई गुडघ्यांवर बसली, हातांनी खड्डा केला, त्यात लॅपटॉप ठेवला आणि वरून भराभर वाळू लोटली. मग उठून मागे आली, माझ्यापर्यंत. तिथे दोन मजूर बसले होते, ते हसायला लागले. "काय पुरलं हो?" एकाने विचारलं. ताईने त्यांना हात करून मागे हटायला सांगितलं. मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बाई उभी होती, कानाला फोन लावलेला. आमच्याविरुद्ध तक्रार करत होती बहुतेक.

आम्ही उभ्या राहिलो. काही होईना. मला वाटायला लागलं, उगीच घाबरलो आपण. आता ती मशीन बाहेर काढेल, स्क्रू बदलेल, मी बाईची माफी मागेन, आणि संध्याकाळी मी ताईची पुन्हा थट्टा करेन. मी तसं बोलायला तोंड उघडलंसुद्धा.

वाळू हलली. मधोमध थोडी खचली आणि तिथून सापाने फुत्कार टाकावा तसा आवाज आला. मग पांढरा धूर. आधी बारीक, मग भसाभस, दाट, घशाला झोंबणारा. वाळूतून एकदा ज्वाळ वर आली आणि परत आत गेली. मजूर पळाले. पुन्हा एक फुत्कार झाला आणि पुन्हा एक ज्वाळ. ताई माझ्या दंडाला धरून उभी होती. तिची नखं मला रुतत होती. मीही तिला तसंच धरलं होतं.

धूर ओसरत आला तेव्हा बाई खाली आली. बाळ तिच्या कडेवर, आता टक्क जागं. ती ढिगाजवळ जायला लागली, तिला मीच अडवलं. ती नुसती बघत राहिली. आता ही ताईच्या कानाखाली वाजवणार, असं मला वाटलं, आणि वाजवली असती तर मी मधे पडले नसते.

"द्या हो शिव्या," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "काहीतरी बोला तरी."

बाईने तिच्याकडे पाहिलं. फार हळू, जणू स्वतःशीच म्हणाली, "मी आंघोळीला निघाले होते."

तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तो उठून पलंगावरून उतरतो ना, म्हणून त्या खोलीला मी बाहेरून कडी लावते. कडी लावतच होते. तेवढ्यात बेल वाजली."

ताई खालीच बसली. रस्त्यावर, फतकल मारून. बाळ आईच्या कडेवरून वाकून त्या धुराकडे बोट दाखवत होतं आणि खुदुखुदु हसत होतं.